गिटारची निगा: तारा, फ्रेटबोर्ड आणि पॉलिश यांची सफाई

पुण्यात गिटार सांभाळणाऱ्याला एकाच वर्षात दोन टोकांच्या हवामानाशी गाठ घालावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, कपाटातील चामडी पट्ट्यावर बुरशी चढते आणि उघड्या पोलादी तारांवर पाहता पाहता तांबूस ठिपके उमटतात. याउलट मार्च-एप्रिलच्या दुपारी हीच आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि लाकूड आपल्यातील ओलावा सोडून आकसू लागते. गिटारला मानवणारी आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के आहे. तेव्हा येथे गिटार पुसणे हे केवळ ती नीटनेटकी दिसावी म्हणून करायचे काम नाही. तारांचे आयुष्य, सूर पक्का राहणे आणि बोटांखालचा फ्रेटबोर्ड (तारांखालची लांब लाकडी पट्टी) गुळगुळीत राहणे हे सारे त्यावर अवलंबून असते.

नव्या गिटारचे बरेचसे नुकसान हौसेने केलेल्या सफाईतून होते. घरात खोबरेल तेल असते, काच पुसण्याचा फवारा असतो, लाकडी कपाटासाठी आणलेले पॉलिश असते, आणि हाताला येईल ते संपूर्ण गिटारवर सरसकट फिरवले जाते. प्रत्यक्षात गिटारमध्ये पोलाद, कांसे, जर्मन सिल्व्हर, उघडे लाकूड, रासायनिक लेप आणि प्लॅस्टिक हे सगळे एकमेकांना खेटून असतात, आणि त्यांपैकी एकाला जे चालते ते शेजारच्याला बाधते. म्हणून कोणता भाग कशाचा बनला आहे हे आधी ओळखावे आणि त्या भागाला पुरेल एवढीच कमीत कमी वस्तू वापरावी, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी गिटार ओळखावी

फ्रेटबोर्डपासून सुरुवात करावी. तो गडद तपकिरी किंवा काळा असेल आणि त्यावर चकाकी नसेल, तर ते बहुधा शिसव, आबनूस किंवा ऐन यांपैकी एखादे लाकूड असते. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात इंडियन रोझवूड लिहिलेले असते तो आपला शिसव, आणि अलीकडे स्वस्त व मध्यम किमतीच्या गिटारांवर दिसणारे इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतील ऐन. ही लाकडे सहसा उघडी असतात, त्यांच्यावर कोणताही लेप नसतो. त्यामुळे ती घाम, मळ आणि तेल शोषून घेतात. फ्रेटबोर्ड फिकट पिवळसर आणि तुळतुळीत असेल तर ते मेपल असते आणि त्यावर पारदर्शक लेप दिलेला असतो. त्या लेपातून तेल आत जाऊच शकत नाही, म्हणून मेपलला तेल लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अगदी स्वस्त गिटारांवर फिकट लाकडाला काळा रंग देऊन ते आबनुसासारखे दाखवलेले असते. अशा फ्रेटबोर्डवरून ओलसर कापड फिरवले की कापड काळे होते. तो मळ नसून रंग निघत आहे हे लक्षात घेऊन तेथेच थांबावे.

गिटारच्या अंगावरील लेप ओळखणे थोडे अवघड असते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या गिटारांवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा लेप असतो, आणि तो बराच सोसणारा असतो. त्यातील चकचकीत प्रकारात आपले प्रतिबिंब दिसते, तर मंद प्रकारात, ज्याला सॅटिन किंवा मॅट म्हणतात, प्रकाश विखुरतो आणि हाताला पृष्ठभाग किंचित कोरडा लागतो. जुन्या आणि काही महागड्या गिटारांवर, उदाहरणार्थ गिब्सनच्या, नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप असतो. हाताने घडवलेल्या काही क्लासिकल गिटारांवर लाखेचे फ्रेंच पॉलिश असते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर जे लाखेचे पॉलिश आपण पाहतो, त्याच कुळातले हे काम. या शेवटच्या दोन प्रकारांना स्पिरिटपासून दूर ठेवावे. सुतार चपडा लाख ज्या स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश तयार करतो, तेच स्पिरिट तयार पॉलिशही पुन्हा विरघळवते, एवढे कारण त्यासाठी पुरे आहे. आपल्या गिटारवर कोणता लेप आहे हे निश्चित कळत नसेल, तर तो नाजूक आहे असेच समजून वागावे.

काय आणावे, काय आणू नये

दोन-तीन मायक्रोफायबरचे तुकडे किंवा धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड, एक इंची मऊ रंगाचा ब्रश, एक मऊ दातांचा ब्रश, मास्किंग टेप आणि जुने प्लॅस्टिकचे कार्ड एवढ्यावर नव्वद टक्के काम भागते. गडद फ्रेटबोर्डसाठी तेल हवे असेल तर वाद्यांच्या दुकानात लेमन ऑइल या नावाने मिळणारी बाटली घ्यावी, किंवा औषधाच्या दुकानातून शुद्ध लिक्विड पॅराफिन आणावे. लेमन ऑइल नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्यतः खनिज तेलच असते आणि लिंबाचा वास घातलेला असतो. लिक्विड पॅराफिन हेही शुद्ध केलेले खनिज तेलच. मात्र त्यात दुसरे कोणतेही औषध मिसळलेले नाही, हे बाटलीवर वाचून घ्यावे. तारा पुसण्यासाठी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे सर्किट बोर्ड साफ करायला तेच वापरतात, त्यामुळे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत त्याची चौकशी करावी. फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, घासण्यासाठी ०००० क्रमांकाची, म्हणजे अत्यंत बारीक तारेची स्टील वूल लागते. ती रविवार पेठेत बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत विचारावी. भांडी घासण्याची तारेची घासणी हा तिला पर्याय मुळीच नाही.

खोबरेल, मोहरीचे किंवा स्वयंपाकाचे कोणतेही तेल गिटारला लावू नये. ही तेले कालांतराने खवट होतात किंवा चिकट होऊन बसतात आणि त्यांवर धूळ धरते. खऱ्या लिंबाचा रस तर आम्लधर्मी असल्यामुळे फ्रेटवरील धातूला आणि लाकडालाही मारक ठरतो. चिंच, मीठ किंवा पितळेची भांडी घासण्याची भुकटी यांचेही तेच. जवसाचे तेल काही जाणकार कारागीर वापरतात, पण त्यात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. काच पुसण्याच्या फवाऱ्यात अमोनिया असू शकतो आणि लाकडी सामानाच्या पॉलिशमध्ये अनेकदा सिलिकॉन असते. सिलिकॉनचा थर एकदा बसला की पुढे कधी लेपाची दुरुस्ती करायची वेळ आली, तर नवा लेप तेथे नीट धरत नाही.

तारा: रोजची दोन मिनिटे

गिटार वाजवण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणे, ही तारांची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक निगा आहे. वडापाव खाऊन तसेच वाजवायला बसले की तेल आणि मीठ दोन्ही थेट तारांच्या वेटोळ्यांत जातात. घामातही मीठ असते आणि तेच ओलाव्याच्या मदतीने पोलादाला गंजवते. हात फार घामेजत असतील तर टाल्कम पावडर लावण्यापेक्षा मधूनमधून हात पुसावेत, कारण घामात भिजलेल्या पावडरीचा लगदा होऊन तो फ्रेटच्या कडेला साचतो.

वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाची घडी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावी, त्या चिमटीत एक तार घ्यावी आणि नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावर तारा जेथे टेकतात तो भाग) सावकाश दोन-तीनदा फिरवावी. कापड तारेच्या खालच्या बाजूलाही लागले पाहिजे. बहुतेक जण वरची बाजू पुसतात आणि गंज मात्र खालून चढतो, कारण तेथे घाम सुकायला वेळ लागतो. सहाही तारा अशा पुसून झाल्यावर तेच कापड सगळ्या तारांच्या खालून सरकवून फ्रेटबोर्डवरून एकदा फिरवावे. पांढऱ्या कापडावर जे राखाडी-काळे पट्टे उमटतात ते धातूच्या झिजेचे, त्वचेच्या मळाचे आणि घामाचे मिश्रण असते; पावसाळ्यात ते पट्टे अधिक गडद येतात. दोन मिनिटांचे हे काम नियमाने केले तर तारा जवळजवळ दुप्पट टिकतात असा माझा अनुभव आहे.

आठवड्यातून एकदा अधिक खोल सफाई करायची असेल तर तारांच्या खाली पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवावी, म्हणजे फ्रेटबोर्डवर काही सांडणार नाही. कापडाचा कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने केवळ ओलसर करावा, थेंब गळेल इतका भिजवू नये, आणि त्याने तारा पुसाव्यात. ही पद्धत साध्या पोलादी, निकेलच्या आणि कांस्याच्या तारांसाठी आहे. आवरण दिलेल्या तारांवर अत्यंत पातळ पॉलिमरचा थर असतो. त्यांना फक्त कोरडे कापड लावावे. काही महिन्यांनी त्यांच्यावर उजव्या हाताच्या जागी बारीक केसासारखे धागे सुटलेले दिसतात. ते आवरण झिजल्याचे चिन्ह आहे, काही बिघडल्याचे नव्हे. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांना अल्कोहोल आणि तेल दोन्ही वर्ज्य समजावे आणि पातळ तीन तारा किंचित ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसाव्यात.

तार कधी बदलावी

पुसण्याने तारेचे आयुष्य वाढते, पण ती पुन्हा नवी होत नाही. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांत पोलादी गाभ्याभोवती कांस्याची बारीक तार गुंडाळलेली असते. फॉस्फर ब्रॉन्झ प्रकारात तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतो, तर ८०/२० प्रकारात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते. त्या वेटोळ्यांच्या फटीत मळ भरत गेला की तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, आवाजातील झळाळी जाते, आणि मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवरचा सूर चुकू लागतो. बोटाचे टोक तारेच्या खालून, पहिल्या तीन-चार फ्रेटच्या जागी हलकेच फिरवून पाहावे. तेथे बारीक खाचा लागल्या तर फ्रेटने तार कोरलेली आहे असे समजावे, आणि तशा तारेला कितीही पुसले तरी उपयोग नाही. रोज अर्धा-एक तास सराव करणाऱ्याने साधारण दोन-तीन महिन्यांनी तारा बदलाव्यात. पावसाळ्यात साध्या तारा त्याआधीही जातात.

तारा बदलण्याचा दिवस हाच मोठ्या सफाईचा दिवस ठरवावा, कारण फ्रेटबोर्ड उघडा मिळण्याची तीच संधी असते. अकूस्टिकवर पातळ जाडीचा, म्हणजे ०.०१२ इंचाच्या तारेपासून सुरू होणारा संच चढवलेला असेल तर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलो ताण नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, असतो. म्हणून एकदम कापू नयेत, प्रत्येक तार खुंटीने सावकाश सैल करत न्यावी आणि ती पूर्ण लोंबकळू लागली की मगच काढावी. सगळ्या तारा एकाच वेळी काढल्या तर नेक वाकते असे सांगितले जाते, पण स्थिर ब्रिजच्या गिटारला तास-दोन तास तारांविना राहिल्याने काहीही होत नाही. अपवाद दोन आहेत. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेला, दांडीने हलवता येणारा ब्रिज) असलेल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांचा ताण जाताच ब्रिज मागे ओढला जातो, आणि आर्चटॉप (फुगीर वरच्या फळीच्या) गिटारचा ब्रिज केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो. अशा गिटारांवर तारा एकेक करून बदलाव्यात.

अकूस्टिकच्या ब्रिज पिना पकडीने ओढल्या तर त्यांची डोकी तुटतात. त्याऐवजी तार आधी थोडी आत ढकलावी, म्हणजे तिच्या टोकाचा गोळा पिनेपासून सुटतो, आणि मग तार गुंडाळण्याच्या यंत्रावर असलेल्या खाचेने पीन सरळ वर उचलावी. काढलेल्या पिना ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने टेबलावर मांडून ठेवाव्यात. जुन्या तारांचे तुकडे गुंडाळून डबीत टाकावेत. त्यांची टोके सुईसारखी असतात आणि घरात लहान मूल रांगत असेल तर जमिनीवर पडलेला एक तुकडाही पुरेसा धोकादायक असतो.

फ्रेटबोर्ड: मोठी सफाई

गिटार टेबलावर जाड टॉवेल पसरून ठेवावी आणि नेकच्या खाली घडी केलेला दुसरा टॉवेल द्यावा. इलेक्ट्रिक गिटार असेल तर तारांची कंपने पकडणारे पिकअप पूर्णपणे मास्किंग टेपने झाकावेत. पिकअपमध्ये लोहचुंबक असतात. स्टील वूलचे सूक्ष्म कण त्यांना चिकटले तर ते सहजी निघत नाहीत. अकूस्टिकच्या साउंडहोलवर, म्हणजे पुढच्या गोल भोकावर, कागद लावावा.

पहिल्यांदा रंगाच्या मऊ ब्रशने सुटी धूळ झाडावी. शहरात सतत चालू असलेल्या बांधकामांची बारीक वाळू या धुळीत असते, आणि ती न झाडता कापड फिरवले तर पृष्ठभागावर ओरखडे उठतात. त्यानंतर कोरड्या दातांच्या ब्रशने प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही बाजूंनी, फ्रेटला समांतर, मळ सैल करावा. या कोपऱ्यांत साचलेला मळ कधीकधी मेणासारखा घट्ट झालेला असतो. तेथे जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड लाकडावर जवळजवळ आडवी धरून हलकेच सरकवावी, म्हणजे तो मळ वळ्यांसारखा निघून येतो. चाकू किंवा ब्लेड नवशिक्याने घेऊ नये. एवढे करूनही चिकटा राहिला तर कापड पाण्यात बुडवून इतके घट्ट पिळावे की ते हाताला फक्त थंड लागेल, आणि त्याने एका वेळी दोन-तीन फ्रेटमधील जागा पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपावी. उघड्या लाकडावर पाणी उभे राहू देऊ नये. लायटरमध्ये भरण्याचे नॅफ्था हट्टी चिकट्यावर चांगले काम करते आणि लाकडात न मुरता उडून जाते. मात्र ते अत्यंत ज्वालाग्राही आहे. खिडक्या उघडून, आणि गॅस किंवा देवापुढची समई पेटलेली नसेल अशाच खोलीत, थेंबभर वापरावे.

फ्रेट निस्तेज किंवा हिरवट दिसत असतील तर ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे आहेत; या मिश्रधातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी नसते, आणि हिरवट झाक तांब्यामुळे येते. प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही बाजूंना लाकडावर मास्किंग टेपच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे फक्त धातू उघडा राहील, आणि ०००० स्टील वूल फ्रेटच्या लांबीने आठ-दहा वेळा फिरवावी. टेप काढताना जोराने ओढू नये. ती स्वतःवरच परत दुमडत सावकाश सोडवावी. काही जण गडद लाकडावरूनही स्टील वूल फिरवतात. ते करायचेच असेल तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे नेकच्या लांबीने, आणि अगदी हलक्या हाताने करावे. मेपलवर मात्र हे कधीही करू नये, लेप धुरकट होतो. शेवटी सर्व कण ब्रशने झाडून कापडाने टिपावेत आणि त्यानंतरच पिकअपवरील टेप काढावी.

आता तेल. चार-पाच थेंब कापडावर घ्यावेत, फ्रेटबोर्डवर थेट ओतू नयेत, आणि ते संपूर्ण लाकडावर पातळ पसरवावेत. कोरडे पडलेले लाकूड त्या क्षणी रंग बदलते. शिसवाच्या फिकट पडलेल्या रेषा एकदम जांभळट तपकिरी होतात, आणि ते पाहून आणखी तेल घालावेसे वाटते. तो मोह आवरावा. पाच मिनिटे थांबून दुसऱ्या कोरड्या कापडाने सगळे तेल पुसून काढावे, बोट फिरवल्यावर ओशट लागता कामा नये. अर्ध्या तासानंतर पुन्हा एकदा पुसून मगच नव्या तारा चढवाव्यात. जास्त तेलाने लाकूड मऊ पडते, फ्रेटच्या खाचा सैल होऊ शकतात आणि नव्या तारा पहिल्याच दिवशी निर्जीव वाटू लागतात.

तेल किती वेळा लावावे याबद्दल माझे मत काटकसरीचे आहे. पुण्यात वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे: एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागते तेव्हा, आणि लाकूड अगदीच फिकट व खरखरीत दिसत असेल तर होळीच्या सुमारास. पावसाळ्यात तेलाची गरज नसते. तेलाने लाकडातील ओलाव्याची ये-जा थोडी मंदावते आणि रूप सुधारते, पण हरवलेला ओलावा त्यातून भरून निघत नाही. उन्हाळ्यात नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोके करवतीच्या दातांसारखी बोचू लागली तर लाकूड आकसले आहे आणि धातू जागच्या जागी राहिला आहे असा त्याचा अर्थ. तेथे तेल नव्हे, तर हवेतील आर्द्रता वाढवणे हा उपाय आहे.

अंगावरील पॉलिश

येथे पहिले हत्यार म्हणजे आपला श्वास. धूळ झाडून झाल्यावर डाग पडलेल्या जागेवर तोंडाने हलकी वाफ सोडावी आणि ती विरण्याच्या आत मायक्रोफायबरने पुसावे. चष्म्याची काच पुसण्याचीच ही रीत. घामाचे मीठ आणि बोटांचे ठसे पाण्यात विरघळणारे असतात, त्यामुळे एवढ्याशा ओलाव्यानेही ते निघतात, आणि कोणत्याही लेपाला यापासून धोका नसतो. उजवा हात टेकतो ती वरची कड आणि हनुवटीखालचा भाग येथे हे दर आठवड्याला करावे.

चकचकीत पॉलियुरेथेनवर धुरकटपणा राहिलाच तर गिटारसाठी बनवलेले, सिलिकॉन नसलेले पॉलिश कापडावर घेऊन लहान वर्तुळांत फिरवावे. सॅटिन लेपावर मात्र कोणतेही पॉलिश लावू नये आणि एकाच जागी जोर देऊन घासू नये. तो मंदपणा सूक्ष्म खडबडीतपणामुळे येतो, आणि घासून तो सपाट झाला की तेवढ्याच जागी चकाकणारा डाग कायमचा राहतो. नायट्रोसेल्युलोज आणि लाखेच्या पॉलिशवर श्वास आणि मऊ कापड यापलीकडे काही करू नये. नायट्रोचा रबराशी आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकशी संयोग होतो. स्टँडच्या काळ्या रबरी टेकूला किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्याला तो काही दिवस टेकून राहिला तर तेथे चिकट, कायमचा व्रण उठतो. टेकूवर सुती कापड गुंडाळून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

एका वस्तूबद्दल मात्र निक्षून सांगायला हवे, कारण ती आपल्याकडे घरोघर असते. डास पळवण्याच्या काही मलमांत आणि फवाऱ्यांत डीट नावाचे रसायन असते, आणि ते प्लॅस्टिक व अनेक लेप विरघळवते. संध्याकाळी गच्चीवर वाजवायला बसण्यापूर्वी हाताला असे मलम लावले तर कोपर टेकतो त्या जागी गिटारचा लेप मऊ पडून कापडाची वीण त्यावर उमटू शकते. मलम लावायचे असेल तर पायांना लावावे, तळहात धुवावेत आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

खुंट्या, नट आणि इतर

खुंट्या आणि ब्रिजचा धातू कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे आहे. बंद डबीच्या खुंट्यांना तेल लागत नाही. उघड्या दात्यांच्या खुंट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब वर्षातून एकदा द्यावा. सूर लावताना तार कुरकुरून एकदम उडी मारत असेल तर नटच्या खाचेत मऊ शिशाच्या पेन्सिलीचे टोक दोन-तीनदा फिरवावे, ग्रॅफाइटमुळे तार सहज सरकते.

ठेवणीची जागा आणि ऋतू

शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक गिटारजवळ ठेवणे हा या सगळ्यातील उत्तम खर्च आहे, कारण त्यानंतर अंदाजाने काही करावे लागत नाही. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नये. पुण्यातील जुन्या इमारतींच्या भिंतींना ओल येते आणि ती गिटारच्या पाठीतून आत शिरते. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात, त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात, आणि पेटी आठवड्यातून दोनदा उघडून हवा खाऊ द्यावी. बुरशी लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नयेत; त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला आणि लेपाला मऊ पाडते. पेटीला वास येऊ लागला तर गिटार बाहेर काढून फक्त पेटी उन्हात ठेवावी, गिटार कधीही नाही.

उन्हाळ्यात हीच पेटी उलट्या कामी येते. सिलिका जेल काढून घ्यावे आणि गरजेप्रमाणे ओलावा देणाऱ्या आणि शोषणाऱ्या, ४९ टक्क्यांच्या आसपास बांधलेल्या पुड्या मिळतात त्या ठेवाव्यात. त्या परवडत नसतील तर भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती पेटीत डोक्याच्या बाजूला ठेवावी, पाणी गळत नाही हे दोनदा तपासावे, आणि मापकावर नजर ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवणे सर्वांत वाईट. तेथील उष्णतेने ब्रिजखालचा सरस सुटू शकतो.

काही गोष्टी घरी करू नयेत. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकत असेल, वरच्या फळीवर लाकडाच्या रेषेने बारीक चीर दिसत असेल, फ्रेटची टोके आर्द्रता वाढवूनही बोचत असतील, किंवा आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके पसरले असतील, तर गिटार वाद्य-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे न्यावी. नेण्यापूर्वी तेल, पॉलिश किंवा सरस यांपैकी काहीही लावू नये, कारण चिरेत शिरलेले तेल पुढे सरस धरू देत नाही. ब्रिज उचलला असेल तर तारा पूर्ण सैल कराव्यात. इतर वेळी प्रत्येक तार एक-दोन सूर उतरवून गिटार पेटीत ठेवावी, डोक्याखाली कापडाची घडी द्यावी, आणि कोणत्या महिन्यापासून काय दिसू लागले ते कारागिराला सांगता यावे म्हणून चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे.